आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या ताटाचं काय?

लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. तिची बी.एस्सी. झाली आणि मुंबईत अन्नविज्ञान आणि पोषण या विषयात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात. तिने विचारलंय की अशा विभागात वातावरण कसं असतं, अडचण आली तर कुणी मदत करतं का, हॉस्टेलच्या जेवणावर निभेल का, आणि इंग्रजीचं काय करायचं. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे: "माझं वजन ७४ किलो आहे. काकू म्हणाल्या, तुझ्याकडे बघून डाएट विचारायला कोण येणार? हे खरं आहे का?"

मी सव्वीस वर्षं हा विषय शिकवते आहे आणि त्याआधी चार वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. तुला एकेरीतच लिहिते, कारण तुझ्या वयाच्या मुलींशी मी तशीच बोलत आले.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न तू आणखी चार जणांना विचारले असशील, हा मात्र धीर करून लिहिलेला दिसतो. काकूंचं म्हणणं खरं नाही. रुग्णालयात माझ्यासमोर बसलेल्या माणसांनी पहिल्या मिनिटाला माझ्याकडे निरखून पाहिलं असेलही, पण दुसऱ्या मिनिटाला त्यांना एवढंच कळून घ्यायचं असायचं की ही बाई माझं ऐकते की नुसता छापील कागद हातात देते. ज्या माणसाने वीस वर्षं वजनावरून बोलणी खाल्लीत, तो तुझ्यासमोर लवकर मोकळा होईल. टोमणा मारणारे मात्र भेटतील, हे लपवत नाही. नातेवाइकांत भेटतील, वर्गातही भेटतील. म्हणून आपल्या विभागात वजनाचा विषय कसा हाताळला जातो, हे तुला आधीच माहीत हवं.

पहिल्या सत्रातच शरीरमापनाचं प्रॅक्टिकल असतं. उंची, वजन, कमरेचा घेर, दंडाचा घेर, कॅलिपरने त्वचेच्या घडीची जाडी. मापायला बाहेरची माणसं आणत नाहीत, वर्गातल्या मुली एकमेकींचीच मापं घेतात. मी नवीन असताना प्रत्येकीचं वजन मोठ्याने वाचायला लावायचे आणि एक मुलगी ते फळ्यावर लिहायची. सरासरी आणि प्रमाण विचलन काढायला आकडे सगळ्यांना दिसले पाहिजेत, एवढाच माझा विचार. त्या वर्षी एक मुलगी पुढच्या दोन प्रॅक्टिकलना आलीच नाही. तीन आठवड्यांनी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळलं की ती काकडी आणि चहावर दिवस काढते आहे. ते मी शिकवण्याच्या ओघात केलं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या वर्गात पडदा असतो, जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा, चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक लिहायचा आणि फळ्यावर फक्त क्रमांक आणि त्यासमोरचा आकडा. शिकायचं ते सगळं शिकून होतं. तुझ्या विभागात असं नसेल तर आदल्या दिवशी बाईंना भेटून सांग: "मॅडम, माझी मापं मी अमुक मैत्रिणीकडून घेईन आणि आकडा फक्त जर्नलमध्ये लिहीन." बहुतेक शिक्षक हो म्हणतात, कारण त्यांच्या हे लक्षातच आलेलं नसतं.

७४ या आकड्याबद्दल एवढंच. उंची, कमरेचा घेर, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, पाळी नियमित आहे का, हे काहीच ठाऊक नसताना नुसत्या वजनावरून मी तुझ्या तब्येतीबद्दल काही बोलणार नाही, आणि तूही दुसऱ्या कुणाबद्दल बोलू नकोस. आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की धोका वाढायला लागतो, हे तुला शिकवलं जाईल. ती लोकसंख्येसाठी आखलेली रेघ आहे. तिच्यावरून कुणाची लायकी मोजायची नसते. मुंबईला जाण्याआधी 'थोडं कमी करून जाऊ' म्हणून जेवण तोडू नकोस. नवं शहर, नवं पाणी, लोकलचा प्रवास आणि अर्धपोटी शरीर यांचा मेळ बसत नाही.

याच विषयातला दुसरा धोका जास्त गंभीर आहे. आमच्या मुलींना प्रत्येक घासाचा हिशेब येतो. काही जणींचा तो हिशेब सुटत नाही. डब्यातली पोळी वजन करून खाणं, सगळ्यांबरोबर जेवायला टाळणं, 'आज जास्त झालं' म्हणून रात्री उपाशी झोपणं, वाढदिवसाच्या केकच्या एका तुकड्यावरून दोन दिवस रडणं. मग पाळी चुकते, केस गळतात, चक्कर येते. बाहेरच्याला ही शिस्त वाटते. आम्हा शिक्षकांनाही कधी कधी 'किती नेमाची मुलगी आहे' असंच वाटतं आणि तिथे आमची चूक होते. स्वतःमध्ये किंवा मैत्रिणीत असं दिसलं तर तो आजाराचा रस्ता आहे असं समज आणि बोल. शिक्षकांशी बोल, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोल. रात्री दोन वाजता कुणीच नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता हॉस्टेलच्या जेवणाकडे वळते. इथे मला तुझ्याकडून गणित करून हवं आहे.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे ५५ किलोच्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. किलोमागे ०.८३ ग्रॅम असा तो हिशेब आहे. आता मेसचं ताट घे. दोन वेळच्या मिळून सहा पोळ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम कणीक, त्यातून सोळा ग्रॅम. वरण पातळच असतं. दोन वाट्यांत कोरडी डाळ तीस ग्रॅम निघाली तरी खूप, त्यातून साडेसहा. भाताचे पाच, सकाळच्या पोह्यांचे साडेतीन-चार, भाजी आणि चहातलं दूध मिळून आणखी पाच. एकूण छत्तीसच्या आसपास. दहा ग्रॅम कमी पडतात, आणि तेही सगळं ताट संपवलं तर. ज्या दिवशी दोडक्याची भाजी बघून अर्धं ताट परत जातं, त्या दिवशीचं बोलायलाच नको. ही तूट भरायला महागडी पावडर घ्यावी लागत नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅम मिळतात. एक पेला दूध किंवा दह्यातून सहा. अंडं खात असशील तर एका अंड्यातून सहा-साडेसहा. घरून येताना शेंगदाणे, फुटाणे आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी घेऊन ये. डबा खोलीत ठेव. अभ्यासाला बसताना समोर असला की खाल्लं जातं.

लोहाचं गणित याहून कठीण आहे. त्याच शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि मेसच्या ताटातून ते पुरं होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. हा आकडा आमच्या मुली परीक्षेत बरोबर लिहितात. मग रक्त तपासणीच्या प्रॅक्टिकलला बोटाला सुई टोचतात आणि वर्गातल्याच कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघतं. दरवर्षी एक-दोघी ९ च्या आत असतात. त्या क्षणी वर्ग एकदम शांत होतो. आपण ज्यांच्याबद्दल शिकतोय त्या आपणच आहोत, हे कळायला याहून मोठा धडा नाही. ज्या विभागात त्या दिवशी शिक्षक म्हणतात 'जर्नल पूर्ण करा' आणि जिथे म्हणतात 'ज्या बाराच्या खाली आहेत त्या उद्या माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात चला', त्या दोन विभागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझे शिक्षक नाही म्हणाले तर तू स्वतः जा. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात तुझ्या वयाच्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आहे. रक्त कमी असेल तर डोस वेगळा लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतील. जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, लोह कमी शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळ.

पाककृतीच्या प्रयोगशाळेबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण मुली एकमेकींशी बांधल्या जातात त्या तिथेच. अ‍ॅप्रन, डोक्याला टोपी, नखं कापलेली, चारचौघींचा गट, आणि दोन तासांत तीन पदार्थ करून, वजन करून, मांडून, त्यांचं पोषणमूल्य काढून भांडी घासून मोकळं व्हायचं. ज्या गटात कामं नीट वाटली जातात त्या मुली पुढे प्रबंधाच्या दिवसांतही एकमेकींना सोडत नाहीत. पण जात, धर्म, घरची रीत, श्रीमंती-गरिबी हे सगळं ताटात दिसतं, आणि म्हणून हीच जागा नाजूकही असते. एका वर्षी एका मुलीने लोहयुक्त आहाराच्या तक्त्यात वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट-आतडं, लिहिली. मागच्या बाकांवर कुजबुज आणि हसू. ती मुलगी खाली बघत राहिली. मी त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला आणि सगळ्या वर्गाला काळीज, वजडी आणि पालक यांतल्या लोहाचा, आणि त्यातलं शरीराला किती लागू पडतं याचा हिशेब करायला लावला. प्राणिज पदार्थांतलं लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, हे प्रत्येकीच्या पुस्तकात होतं. वजडी स्वस्त आहे, तिच्या घरी रविवारी शिजते आणि रक्त कमी असलेल्या बाईला ती उपयोगी पडेल. पुढच्या तक्त्यात आणखी दोघींनी सुकट लिहिली. तुझ्या घरी जे शिजतं ते लिहायला कधी लाजू नकोस. आणि उलट बाजूही लक्षात ठेव. अंड्याच्या प्रॅक्टिकलला एखादी जैन किंवा वारकरी घरातली मुलगी हात लावणार नाही. तिला कुणी चव घ्यायला भाग पाडू नये, तिने नोंदी लिहाव्यात. रोजा असलेली मुलगी पदार्थ शिजवेल, चाखायचं काम दुसरी करेल. या गोष्टी गटात आधी बोलून घेतल्या की कुणाची अडचण होत नाही.

इंग्रजीची तुझी भीती मला समजते. जीवरसायनशास्त्र पहिल्या दोन महिन्यांत नको नको करून टाकतं. एक साधी पद्धत सांगते. वहीच्या पानाला उभी रेघ मार, डावीकडे बाईंचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे ते तू तुझ्या आईला कसं सांगशील ते. जे उजवीकडे लिहिता येत नाही ते तुला कळलेलं नाही, तेवढंच विचारायला जायचं. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असेल तर आठवड्याला एक जुना प्रश्न वेळ लावून सोडव आणि कुणाला तरी दाखव. बोलण्यातली भीती सेमिनार दिल्याशिवाय जात नाही, म्हणून पहिल्याच फेरीत नाव दे.

तुझी मराठी मात्र तुझ्या कामाची आहे, हे कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. चोवीस तासांच्या आहाराची नोंद घेताना एक शहरी मुलगी सोलापूरकडच्या एका आजींना विचारत होती, काल काय खाल्लं? आजी म्हणाल्या, "भाकर आन् कोरड्यास." मुलीने कागदावर 'भाकरी, कोरडी भाजी' लिहिलं. शेजारी बसलेली बार्शीची मुलगी म्हणाली, "आजी, कोरड्यास कशाचं केलं होतं?" आजींनी सांगितलं, तुरीच्या डाळीत तांदुळजा घालून, पातळ. एका शब्दामागे दिवसभराची डाळ आणि पालेभाजी दोन्ही लपली होती, आणि पहिल्या नोंदीत दोन्ही गेल्या असत्या. घुटं, माडगं, आळण, येसर, कण्या, अंबील, पाथरी, चिघळ, करडईची भाजी. हे शब्द ज्या मुलीला येतात तिची आहारनोंद खरी असते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून द्यायचं ठरवलं होतं. आज आपण इंग्रजीत शिकतो, तरी रुग्ण आणि अंगणवाडीतली आई आपल्याशी मराठीतच बोलते.

थोडं पुस्तकांबद्दल, कारण इथे मुली हमखास फसतात. सिनियरच्या नोट्स हा आमच्या विभागातला सगळ्यात मोठा आधार आहे. त्या माग, झेरॉक्स काढ. पण प्रत्येक आकड्याशेजारचं साल बघ. जुन्या शिफारशींत प्रौढ स्त्रीचं कॅल्शियम ६०० मिलिग्रॅम होतं, २०२० मध्ये ते १००० झालं. लोह २१ चं २९ झालं. १०० ग्रॅम अळिवात लोह १०० मिलिग्रॅम असं जुन्या तक्त्यात आहे. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यात ते १७ च्या आसपास आलं आहे. अर्ध्या महाराष्ट्रात अजून पहिला आकडाच सांगितला जातो. त्या २०१७ च्या तक्त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ज्वारीसमोर १३९८ दिसलं म्हणून घाबरू नकोस, ४.१८४ ने भाग, ३३४ किलोकॅलरी येतात. मूल्यं कच्च्या पदार्थाची आहेत, शिजवलेल्या वाटीची नाहीत. पहिल्या सत्रात दरवर्षी कुणीतरी शिजलेल्या भाताच्या वजनाला कच्च्या तांदळाचा आकडा लावतं आणि रुग्णाच्या खात्यावर दुप्पट-तिप्पट ऊर्जा दाखवतं.

पैशांचं तुझ्या घरी सगळ्यात आधी बोललं जाणार. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज उघडले की पहिल्या आठवड्यात भर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळं गावातून निघायच्या आधी हातात असू दे. तलाठी आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या मुंबईहून मारता येत नाहीत. तीन एकर म्हणजे वडील अल्पभूधारक. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध घरातली असशील आणि शासकीय वसतिगृह मिळालं नसेल तर स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. यातल्या काही योजना ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच लागू होतात. म्हणून आपला अभ्यासक्रम यादीत आहे का, हे विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर नाव-कोड सांगून विचार आणि उत्तर वहीत लिहून घे. फी भरायला उशीर होणार असेल तर शेवटची तारीख उलटायच्या आधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे. मी अशा अर्जांवर सह्या केल्या आहेत आणि हप्ते पाडून दिले आहेत. तारीख उलटल्यावर रडत आलेल्या मुलींसाठी मात्र फार काही करता आलं नाही.

इंटर्नशिपबद्दल फार गोंधळ असतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ४ क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग असतं. पुष्कळ मुलींना वाटतं, ते केलं की इंटर्नशिप झाली. 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' म्हणून इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी परीक्षा द्यायची असेल तर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते, ती वेगळी. स्टायपेंड मिळेलच असं नाही, काही रुग्णालयं उलट शुल्क घेतात. तेवढे सहा महिने मुंबईत राहण्या-खाण्याचा खर्च वडिलांना आज सांगून ठेव. पदवीनंतर अचानक सांगितलंस तर घरचे लग्नाचं बघायला लागतील, असं मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायद्याने झाला आणि आहारतज्ज्ञ त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे कुठे, किती तास, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं याची सही-शिक्क्याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेव. तुझी एखादी मैत्रीण म्हणत असेल की मी हेच घरबसल्या दूरस्थ पद्धतीने करते, तर तिला सांग की २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत.

रुग्णालयात पहिल्या आठवड्यात तुला कुणी ओळखणार नाही. डॉक्टर राउंडला पुढे निघून जातात, डाएट शीट तुझ्या हातात राहते. तिथे तुला शिकवतात त्या सिस्टर आणि स्वयंपाकघरातल्या मावशी. नळीवाटे देण्याचं फीड गाळणीतून कसं दोनदा गाळायचं, मऊ आहाराची खिचडी किती सैल हवी, बिनमिठाचं ताट चुकून दुसऱ्या खाटेवर जाऊ नये म्हणून खूण कशी करायची, हे मी मावशींकडून शिकले. त्यांना नावाने हाक मार, त्यांच्याबरोबर चहा घे. आणि ज्याच्या आहाराचा तक्ता तू दहा दिवस बदलत होतीस तो माणूस एका सकाळी खाटेवर नसेल. असं होतं. त्या दिवशी काम संपल्यावर कुणाशी तरी बोल. घरी फोन करून फक्त 'जेवले' एवढंच सांगून ठेवून देऊ नकोस.

गावातल्या कामातही हेच घडतं. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. वर्गात ते एक माप असतं. मेळघाटातल्या एका भेटीत माझ्या विद्यार्थिनीने पट्टी गुंडाळली, लाल आली, तिने परत गुंडाळली, परत लाल. आपलंच चुकतंय असं वाटून तिने तिसऱ्यांदा गुंडाळली. तेवढ्यात त्या आईने विचारलं, "काय झालं, पोरगं बरं आहे ना?" त्या रात्री मुक्कामाच्या शाळेत मुलगी जेवली नाही. आम्ही सगळ्याजणी व्हरांड्यात बसलो आणि प्रत्येकीने दिवसभरात काय पाहिलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सेविकेबरोबर ते मूल तपासणीला कसं न्यायचं हे आम्ही बसून ठरवलं, तेव्हा ती दोन घास जेवली. तेव्हापासून क्षेत्रभेटीच्या संध्याकाळी तासभर बसून बोलणं मी वेळापत्रकात लिहूनच ठेवते. तुझ्या विभागात तसा तास नसेल तर तुम्ही मुलीच बसा. त्याला परवानगी लागत नाही.

आता 'मदत मिळते का' याचं सरळ उत्तर. मिळते, पण ती मागावी लागते, आणि कोणाकडे मागायची हे संकट यायच्या आधी माहीत असावं लागतं. कागदावर तुला एक मेंटॉर शिक्षक नेमून दिलेले असतील. वर्षातून दोनदा त्यांचा फॉर्म भरायचा असतो. काही अडचण नसतानाच पहिल्या महिन्यात त्यांना जाऊन भेट आणि दहा मिनिटं बोल. ज्या मुलीचा चेहरा ओळखीचा आहे तिचा फोन मी रात्री अकराला उचलला आहे. त्या शिक्षकांशी सूर जुळला नाही तर ज्यांच्याशी जुळेल ते शोध, नेमणुकीच्या कागदाला फार मानू नकोस. प्रयोगशाळेतल्या सहायक ताईंशी ओळख ठेव, विभागात काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. हॉस्टेलमध्ये रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा क्रमांक आहे. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं सूचनाफलकावर असायलाच हवीत. गेल्या गेल्या त्यांचा फोटो काढून ठेव.

प्रबंधाचं एकच सांगते. विषय निवडताना नमुना, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसं, तुला गाठता येईल असा निवड. नैतिक समितीच्या मंजुरीला वेळ लागतो आणि ती नसताना गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, म्हणून तिसरं सत्र सुरू होताच अर्ज दे. संमतीपत्र मराठीत तू स्वतः लिही, भाषांतर करून घेऊ नकोस. आणि मार्गदर्शकांनी मसुदा परत केला, लाल शाईने भरून, तर तो नाकारलेला नसतो. ज्या पानावर मी काहीच लिहीत नाही ते मी नीट वाचलेलं नसतं.

निघायला अजून दिवस आहेत, तर एवढं करून ये. स्वयंपाकघरातला डाळ-भाजीचा रोजचा डाव, आमटीची वाटी, दुधाचा पेला, या सगळ्यांत किती पाणी मावतं ते मोजून लिही. आईला ज्वारीच्या चार भाकऱ्या थापायला सांग, प्रत्येकीचं पीठ आधी वजन कर आणि भाजल्यावर भाकरी पुन्हा वजन कर. वर्गात तुला दिलं जाणारं भाकरीचं प्रमाण आणि तुझ्या आईची भाकरी यांत बराच फरक निघेल. तो कागद पहिल्या प्रॅक्टिकलला घेऊन जा आणि बाईंना दाखव. आणि ती वाटी येताना पिशवीत टाक, मेसमध्ये त्याच वाटीत वरण घे.